पाना लावण्याआधी: जुन्या मोटरसायकलचं झिजलेलं इंजिन

जुनं सिंगल सिलिंडर फोर-स्ट्रोक इंजिन निळा धूर सोडू लागलं की नवशिक्याचा हात थेट हेडच्या, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाच्या, नटांकडे जातो. थांबा. खोललेलं इंजिन फार थोडं सांगतं. चालतं इंजिन बरंच सांगतं.

धूर कधी येतो ते पाहा. थ्रॉटल पिळलेला असताना येत राहिला तर संशय रिंगांवर (पिस्टनभोवतीची कडी) आणि बोअरवर (सिलिंडरचा आतला पोकळ भाग). उतारावर थ्रॉटल बंद ठेवून पुन्हा उघडताच भपकारा आला तर व्हॉल्व्ह गाइडवर, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते त्या नळीवर. ड्राय संप, म्हणजे ऑइल वेगळ्या टाकीत ठेवणारं, इंजिन बरेच दिवस उभं असलं तर टाकीतलं ऑइल झिरपून इंजिनाच्या तळाच्या पेटीत, क्रँककेसमध्ये, उतरतं आणि सुरू करताच लोट उठतात. थोड्या वेळात धूर विरला तर ती बोअरची झीज नव्हे. या एका गैरसमजापायी चांगली इंजिनंही उगाच खोलली जातात.

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, गरम इंजिनावर, थ्रॉटल पूर्ण उघडून मोजा. गेजचा काटा चढायचा थांबेपर्यंत किक मारा. मग प्लगच्या भोकातून चमचाभर, साधारण 5 मिली, ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चांगला वाढला तर गळती रिंगांपाशी. हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

सिलिंडर उतरवल्यावर बोअर तीन उंचींवर, दर वेळी पुढे-मागे आणि आडवा मोजा. वरची रिंग जिथून परत फिरते तिथे झीज सर्वांत जास्त, कारण दाब आणि उष्णता तिथेच आणि ऑइल मात्र कमी. तळाशी घेतलेलं एकच माप हमखास फसवतं.

नवा पिस्टन हातात आल्याशिवाय सिलिंडर रीबोअरला, म्हणजे बोअर मोठा कापायला, देऊ नका; क्लिअरन्स, म्हणजे पिस्टन आणि बोअरमधली फट, त्या पिस्टनला मोजूनच ठरतो. नव्या रिंगची गॅप, म्हणजे बोअरमध्ये बसवल्यावर तिच्या दोन टोकांमधली फट, ढोबळमानाने दर इंच बोअरमागे 0.003 ते 0.004 इंच, म्हणजे 70 मिमी बोअरला 0.21 ते 0.28 मिमी. कमी ठेवली तर तापल्यावर टोकं भिडतात आणि बोअर ओरबाडला जातो.

होनिंगनंतर, म्हणजे बोअर दगडाने घासून घेतल्यावर, सिलिंडर गरम साबणाच्या पाण्याने, ब्रशने घासून धुवा. नुसत्या पेट्रोलने बारीक कचरा निघत नाही. पांढरं फडकं काळं येईनासं झालं की लगेच ऑइल लावा, नाहीतर गंज धरतो.

आणि सिलिंडर उतरवल्यावर, त्याचं हे सगळं काम करण्याआधी, कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारी दांडी) धरून वर-खाली ओढून पाहा. बाजूला थोडी हलली तर चालते. वर-खाली खेळ जाणवला तर बिग एंड, म्हणजे रॉडचं क्रँककडचं बेअरिंग, गेलंय. क्रँक बाहेर काढावाच लागणार, सिलिंडरचं काम तोवर बाजूला ठेवा.