क्रिमिनल साइडला नवीन येताय? खून, सदोष मनुष्यवध आणि बचाव कसा शिकायचा ते सांगते

सनद हातात आली आणि क्रिमिनल साइडच करायची असं ठरवून जे कोर्टात येतायत त्यांच्यासाठी हे लिहितेय, कारण जिल्हा कोर्टात सीनियरकडे ज्युनिअरशिप करताना जे हळूहळू उमगत गेलं ते कॉलेजात या पद्धतीने कोणी सांगतच नाही. आधी एक गोष्ट पक्की करा, कलमांचे नंबर पाठ आहेत म्हणजे क्रिमिनल लॉ येतो असं नाही. १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि खुनाचं ३०२ आता १०३ झालं, खुनाच्या प्रयत्नाचं ३०७ आता १०९, फसवणुकीचं ४२० आता ३१८(४). ज्यांची सगळी भिस्त पाठांतरावर होती त्यांना परत श्रीगणेशा करावा लागला, आणि ज्यांना खून कशाने ठरतो हे कळत होतं त्यांचं एका तक्त्यावर भागलं. पण जुने नंबर विसरू नका हां, घटना १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर आजही आयपीसीच (जुनी भारतीय दंड संहिता) लागते, आणि असल्या केसेस बोर्डावर, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या यादीत, अजून ढिगाने आहेत.

आता खुनाच्या ‘डिग्री’चं. वेबसिरीज बघून अशील पण विचारतात की मॅडम हा फर्स्ट डिग्री मर्डर का? ती अमेरिकेतली विभागणी. आपल्याकडे कायद्यात तसं लिहिलेलं नाही, पण पायऱ्या आहेतच, आणि सुप्रीम कोर्टाने १९७६ च्या पुन्नय्या केसमध्ये त्या मोजून दाखवल्या. सगळ्यात वर खून, शिक्षा फाशी किंवा जन्मठेप. मग सदोष मनुष्यवध, म्हणजे खुनाच्या व्याख्येत न बसणारं पण तरी गुन्हा ठरणारं मारणं, त्याचे दोन भाग, म्हणजे जुनं ३०४ पार्ट वन आणि पार्ट टू, आता दोन्ही कलम १०५ मध्ये. उद्देश असेल तर जन्मठेप किंवा ५ ते १० वर्षं, याने मरण येऊ शकतं ही नुसती जाणीव असेल तर १० वर्षांपर्यंत. त्या ५ वर्षांच्या खालच्या मर्यादेकडे नीट बघा, ती आयपीसीत नव्हती, आता शिक्षेवरच्या युक्तिवादात तिचा खूप फरक पडतो. या सगळ्याच्या खाली निष्काळजीपणाने झालेला मृत्यू, कलम १०६.

ही पायरी कशी ओळखायची ते शिकायचं तर माझ्या मते १८७६ चा गोविंदा खटल्याचा निकाल वाचा, आपल्याच मुंबई हायकोर्टाचा. १८ वर्षांचा नवरा, १५ वर्षांची बायको, लाथा मारल्या, पाठीत गुद्दे घातले, ती पडल्यावर छातीवर गुडघा ठेवून तोंडावर दोन-तीन ठोसे मारले. कवटी फुटली नव्हती पण मेंदूत रक्तस्राव झाला आणि पोरगी गेली. सेशन्स कोर्टाने खून धरून फाशी दिली होती. हायकोर्टात दोन जजचं जमलं नाही म्हणून प्रकरण जस्टिस मेलव्हिलकडे गेलं आणि त्यांनी खून नाही, सदोष मनुष्यवध असं ठरवलं, कारण हत्यार नाही, मारायचाच उद्देश दिसत नाही, आणि झालेली इजा नेहमीच्या परिस्थितीत मरण येण्याइतकी पुरेशी होती असं म्हणता येत नाही. वाचताना त्या मुलीसाठी जीव तुटतो, आणि तरी प्रश्न तोच उरतो की त्या माणसाच्या मनात काय होतं आणि इजा केवढी होती. यालाच जोडून १९५८ चा विरसा सिंग वाचा, तिथे पोटात भाल्याचा एकच वार होता तरी खूनच धरला, कारण तीच इजा करायची होती आणि ती मरण यायला पुरेशी होती. एकच वार म्हणून ३०२ जातं असं जे कँटीनमध्ये ऐकायला मिळतं ना, त्यावर विसंबू नका.

प्रत्यक्ष कामात हे सगळं कागदात असतं. खुनाची चार्जशीट आली की मी एफआयआर वाचून झाल्यावर थेट पीएम नोट्स (पोस्टमॉर्टेमचा अहवाल) काढते. कॉलम १७ ला बाहेरच्या जखमा, १९ ला डोक्याच्या आतल्या, पुढे छाती, पोट. जखम कुठे आहे, लांबी-रुंदी-खोली किती, किती आहेत, आणि मग पंचनाम्यात जप्त झालेल्या हत्याराशी ते जुळतं का? हत्यार घरून आणलं होतं की भांडणात तिथलाच दगड उचलला? या एका मुद्द्यावर १०३ चं १०५ झालेलं तुम्हाला निकालांत परत परत दिसेल.

मारामारीच्या केसेसमध्येही हेच, फक्त छोट्या प्रमाणात. हत्याराशिवायची साधी दुखापत म्हणजे एनसी (अदखलपात्र), पण दात पडला किंवा हाड मोडलं की ती गंभीर दुखापत, मग पोलिसांना दखल घ्यावीच लागते. म्हणून इंज्युरी सर्टिफिकेट हातात घेतल्याशिवाय अशिलाला काही नाही होणार वगैरे सांगू नका.

बचावाबद्दल नवीन लोकांचा एक समज असतो की आपण काहीतरी भन्नाट स्टोरी मांडायची. तसं नसतं. न्याय संहितेच्या कलम १४ ते ४४ मधले अपवाद, म्हणजे कृत्य केलं तरी ते गुन्हा ठरत नाही अशा परिस्थिती, घ्यायच्या तर ते सिद्ध करायचा भार आरोपीवर येतो, पण सरकार पक्षाइतका कडक नाही, शक्यतेच्या तोलावर पटलं तरी पुरतं, आणि ते सरकारी साक्षीदारांच्या उलटतपासणीतूनही दाखवता येतं. स्वसंरक्षण घ्यायचंय? मग अटकेच्या वेळची आरोपीची मेडिकल बघा. त्याच्या अंगावर मोठ्या जखमा आहेत आणि फिर्यादी पक्ष त्यांच्याबद्दल चकार शब्द काढत नाही, तर १९७६ चा लक्ष्मी सिंग तुमच्या कामाचा. वेडेपणाच्या बचावात नुसती औषधांची फाइल दाखवून भागत नाही, त्या घटकेला आपण काय करतोय किंवा ते चुकीचं आहे हे त्याला कळत नव्हतं हे दाखवावं लागतं. स्वतःहून प्यायलेल्याला दारूचा आधार जवळजवळ नाहीच, मात्र उद्देशाच्या प्रश्नावर थोडी जागा उरते, त्यासाठी १९५६ चा बासदेव. आणि मी तिथे नव्हतोच हा बचाव या अपवादांत येतच नाही, तो साक्षीपुराव्याचा भाग, नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ९.

गंभीर आणि आकस्मिक चिथावणीने खुनाचा सदोष मनुष्यवध कधी होतो ते समजायला नौदल अधिकारी नानावटींचा खटला आहेच. २७ एप्रिल १९५९, मुंबई. बायकोने आहुजांशी असलेले संबंध कबूल केल्यावर नानावटींनी तिला आणि मुलांना सिनेमाला सोडलं, जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर घेतलं, आहुजांच्या ऑफिसात गेले, तिथे सापडले नाहीत म्हणून फ्लॅटवर गेले आणि तिथे आहुजा गोळ्या लागून मेले. ज्युरीने ८ विरुद्ध १ ने सोडलं, हायकोर्टाने दोषी धरलं, १९६१ ला सुप्रीम कोर्टाने ते कायम केलं, कारण मधल्या तासांत डोकं थंड व्हायला भरपूर वेळ होता. तुमच्या केसमध्येही घड्याळ बघा, भांडण किती वाजता आणि वार किती वाजता.

सीनियरकडे एखादी निकाली निघालेली खुनाची फाइल मागा. एफआयआर, पंचनामे, पीएम, साक्षी सगळं वाचा, आणि १०३ की १०५ की सुटका ते कारणांसकट स्वतः कागदावर लिहा, मगच जजमेंट उघडा. सुट्टीच्या शनिवारी बोर्ड नसतं तेव्हा हे आरामात होतं.