काजू कुकीज पसरतायत? आधी मिक्सरकडे बघा

काजू कुकीज पसरल्या की जो तो बटरला नाहीतर ओव्हनला बोल लावतो. माझ्याही पसरायच्या, लागोपाठ चार वेळा, एकदा तर ट्रेभर एकच पातळ पापडी झाली आणि ती मी उलथन्यानं खरवडून खाल्ली (चव मस्त होती, पण ती कुकी नव्हती). बटर कमी केलं, मैदा वाढवला, तर कुकीज खडखडीत झाल्या. घोळ खरंतर काजू दळतानाच होत होता.

साहित्य बघा: बिनमिठाचं बटर 100 ग्रॅम, पिठीसाखर 70, मैदा 130, काजू 120, चिमूटभर मीठ. सोडा, बेकिंग पावडर काही नको. काजू अख्खे आणून उगाच पैसे घालवू नका, पाकळी किंवा तुकडा घ्या, कारण डब्ल्यू 320 वगैरे जे नंबर असतात ते एका पाउंडात साधारण किती दाणे बसतात त्याचे, चवीचे नाहीत. एक दाणा चावून मात्र बघा. जराही खवट लागला तर त्या काजूच्या कुकीज करूच नका, बटर आणि साखरेनं खवटपणा झाकत नाही.

काजू 160 डिग्रीवर 8-10 मिनिटं भाजा, कडा बदामी दिसल्या की काढा.

आता दळणं. काजूत जवळजवळ निम्मं तेलच असतं, आणि काजू गरम असला किंवा मिक्सर सलग फिरला की ते तेल बाहेर येतं. मग पूड राहत नाही, पात्याखाली चिकट गोळा बसतो. तो गोळा पिठात मिसळला म्हणजे तुम्ही मोजलेल्या बटरवर आणखी तेल ओतलं, कुकीज पसरणारच ना. म्हणून भाजलेले काजू पूर्ण गार होऊ द्या. हाताला गार लागतात म्हणून मी घाई करायचो, पण आतून दाणा कोमटच असायचा, त्यामुळे आता मी चक्क तासभर त्यांच्याकडे बघतही नाही. फ्रीजमधून काढून थेट दळा असा सल्ला बरेच जण देतात, तो ऐकू नका, बाहेरच्या दमट हवेनं दाण्यांवर पाणी धरतं आणि पूड ओलसर होते.

120 पैकी 80 ग्रॅम काजू घ्या, त्यात मोजलेल्या मैद्यातलाच 2 चमचे मैदा टाका, तो सुटणारं थोडं तेल धरून ठेवतो. मिक्सर एकेक सेकंद फिरवून थांबायचं, मध्ये भांडं हलवायचं, चार-पाच वेळा झालं की झाकण उघडून बघा. पूड रव्यासारखी सुटी हवी. चिमटीत दाबल्यावर चिकटली आणि बोटाला तेल लागलं तर तिथेच थांबा. अजून थोडी बारीक होईल हा मोह मला चारही वेळा नडला. नंतर चाळा, वर राहिलेली कणी परत दळू नका, बाकीच्या 40 ग्रॅम जाडसर चिरलेल्या काजूत टाकून द्या. तरीही गोळा झालाच तर तो टोस्टला लावून खा आणि नवे काजू घ्या.

पुढचं सोपं आहे. बटर आणि पिठीसाखर हलकं होईस्तोवर फेटा, मैदा, मीठ, पूड, तुकडे घालून हलक्या हातानं गोळा करा, मळायचं नाही. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, साधारण 20 ग्रॅमचे गोळे करून जरासे दाबा, 170 डिग्रीवर 14-15 मिनिटं.

कडा बदामी आणि मधला भाग फिकट दिसला की बाहेर काढा. त्या वेळी बोट रुततं, कच्च्या वाटतात, म्हणून परत आत ढकलू नका, गार होताना घट्ट होतात. 10 मिनिटं ट्रेवरून हलवू नका, आणि कोमट असताना डब्यात तर भरूच नका, वाफेनं सगळ्या मऊ पडतात.