लिपिड बायलेयरचं पहिलं सिम्युलेशन कसं करायचं

लिपिड बायलेयर म्हणजे पेशीच्या पडद्यात असतो तसा लिपिड रेणूंचा दुहेरी थर, म्हणजेच मेम्ब्रेन; त्याच्या रेणूंची हालचाल कॉम्प्युटरवर चालवून बघायची. पहिल्यांदा करताय तर प्रोटीन वगैरे नको, नुसतं डीपीपीसीचं (हा एक लिपिड) मेम्ब्रेन घ्या, त्यावर प्रयोगांचा डेटा भरपूर आहे त्यामुळे आपलं बरोबर आलंय का ते ताडून बघता येतं. चार्म-गुई (CHARMM-GUI) वेबसाइटवर मेम्ब्रेन बिल्डर आहे, तिथे वर ६४ खाली ६४ लिपिड, दोन्हीकडे भरपूर पाणी असं सांगितलं की ग्रोमॅक्सच्या फाइल्स तयार मिळतात. ग्रोमॅक्स म्हणजे सिम्युलेशन चालवणारा प्रोग्रॅम, तो फुकट आहे.

तापमान मात्र नीट बघा!! डीपीपीसी साधारण ४१ अंश सेल्सिअसच्या खाली जेल होतं, लिपिडच्या शेपट्या ताठ होतात, म्हणून ३२३ केल्विन ठेवा, ३०० ठेवून मग आकडे जुळत नाहीत म्हणून डोकं धरून बसू नका. प्रेशर कपलिंग (दाब ठरावीक राहावा म्हणून बॉक्सचा आकार बदलू देणं) सेमीआयसोट्रॉपिकच हवं, म्हणजे मेम्ब्रेनच्या पातळीत एक्स-वाय एकत्र आणि झेड वेगळा बदलतो. चार्म ३६ फोर्स फील्डला (अणूंमधल्या बलांची सूत्रं आणि आकडे) व्हॅन डर वाल्स कटऑफ, म्हणजे ज्या अंतरापुढे अणूंमधलं हे बल मोजत नाहीत ते, १.२ नॅनोमीटर आणि १.० पासून फोर्स-स्विच, म्हणजे बल हळूहळू शून्यावर आणणं, हे सेटिंग बदलू नका, लिपिडचं क्षेत्रफळ यावर फार हलतं.

रन झाल्यावर आधी सिम्युलेशनच्या बॉक्सची मापं बघा. समजा एक्स आणि वाय ६.३५ नॅनोमीटर आले, तर ६.३५ गुणिले ६.३५ भागिले एका थरातले ६४ लिपिड, म्हणजे एका लिपिडला ०.६३ चौरस नॅनोमीटर, झकास, प्रयोगातही जवळपास एवढंच येतं. पण हा आकडा वेळेसोबत अजून सरकतोय का याचा ग्राफ काढा, सरकत असेल तर रन वाढवा, सुरुवातीचा भाग सरासरीत धरू नका.