सिम्फॉनिक मेटल अल्बम करताना या चुका टाळा

सिम्फॉनिक मेटलच्या, म्हणजे मेटल बॅण्ड आणि वाद्यवृंद यांना एकत्र आणणाऱ्या संगीताच्या अल्बमचे मिक्सिंग (वेगवेगळे मुद्रित आवाज एकत्र जुळवणे) सुरू झाले की पहिली तक्रार बहुधा एकच असते. गिटारचा आवाज चढवला की व्हायोलिन बुडतात, व्हायोलिन वर आणली की गिटारची धार जाते आणि दोन्ही चढवले की गायिकेचे शब्द हरवतात. मग इक्वलायझर (आवाजाचे पट्टे कमी-जास्त करणारे साधन) फिरवण्यात आठवडे जातात, नवे प्लगइन विकत घेतले जातात, प्रसंगी मिक्सिंग करणारा माणूसही बदलला जातो, तरी तक्रार तशीच राहते. हा दोष मिक्सिंगमध्ये निर्माण झालेलाच नसतो. मेटलचे गाणे पूर्ण बांधून झाल्यावर त्यावर वाद्यवृंद चढवायचा, असे ज्या दिवशी ठरले त्याच दिवशी तो गाण्यात शिरलेला असतो. खाली ज्या अडचणी सांगितल्या आहेत त्यांपैकी बऱ्याच याच सवयीतून येतात.

गिटारच्या जागेतच वाद्यवृंद बसवणे

नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये गिटारची सर्वांत खालची तार सुमारे ८२ हर्ट्झवर वाजते. डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम खरखरीत करणारा परिणाम) लावले की तिच्या वरचे स्वरांश इतके दाट होतात की साधारण शंभर हर्ट्झपासून चार-पाच हजार हर्ट्झपर्यंतचा पट्टा एकटी गिटारच भरून टाकते. शिवाय मेटलमध्ये तीच गिटार डावीकडे आणि उजवीकडे किमान एकेकदा मुद्रित केलेली असते. चेलो, व्हायोला, फ्रेंच हॉर्न आणि पुरुषांचा कॉयर (गायकवृंद) यांचे मर्मस्थान नेमके याच पट्ट्यात आहे. रिफ (गिटारची पुन्हापुन्हा येणारी धून) चालू असताना ही सर्व वाद्ये लांब स्वर धरून बसली तर कोणताही इक्वलायझर त्यांना वेगळे करू शकत नाही, कारण एकाचा आवाज कापला की दुसऱ्याचाही प्राण जातो.

उपाय नोटेशनमध्येच करावा लागतो. प्रत्येक आठ मात्रांसाठी पुढे कोण आहे ते ठरवावे आणि बाकीच्यांना मागे सरकवावे, गरज असेल तर गप्प करावे. रिफला व्हायोलिनची जोड हवी असेल तर ती त्याच सप्तकात न देता एक-दोन सप्तके वर द्यावी. हॉर्नची धून मोठ्या आवाजात यायची असेल तर तेवढा वेळ गिटारने सलग वाजण्याऐवजी तोडून वाजावे आणि मधल्या रिकाम्या जागा हॉर्नला मिळू द्याव्यात. मला सर्वांत उपयोगी वाटणारी कसोटी अगदी साधी आहे: गिटारचा भाग डाव्या हाताने आणि वाद्यवृंदाचा भाग उजव्या हाताने पियानोवर वाजवून पाहावा. पियानोवर जे गढूळ ऐकू येते ते ऐंशी वादक आणले तरी स्वच्छ होत नाही.

इटलीच्या ‘फ्लेशगॉड अपोकॅलिप्स’ या बॅण्डचे दोन अल्बम लागोपाठ ऐकले तर हा मुद्दा कानाला पटतो. २०११ च्या ‘ॲगनी’मध्ये वाद्यवृंदाच्या लाटेखाली गिटारी शोधाव्या लागतात, येन्स बोग्रेन यांनी मिक्स केलेल्या २०१६ च्या ‘किंग’मध्ये दोन्ही बाजू आपापल्या जागी उभ्या आहेत. श्रेय मिक्सिंगला द्यायलाच हवे, पण माझ्या मते रचनेतही तोपर्यंत अधिक मोकळी जागा आलेली आहे.

तळाशीही हीच गर्दी असते. बास गिटारचा सर्वांत खालचा स्वर आणि चार तारांच्या डबल बासचा सर्वांत खालचा स्वर एकच आहे, सुमारे ४१ हर्ट्झ, आणि त्याच्या जोडीला किक ड्रम असतो. तळ एकाच वाद्याकडे सोपवावा. मेटलच्या भागात तो बहुधा बास गिटारकडे असावा.

वेगाचा हिशेब न करणे

मिनिटाला २०० ठोक्यांच्या वेगात डबल किकचा सोळावा भाग केवळ ७५ मिलिसेकंदांचा असतो, तर चांगल्या सभागृहातला आवाज विरायला दोन सेकंद लागू शकतात. अशा वेळी व्हायोलिनलाही तेवढ्याच वेगाच्या ताना दिल्या तर आधीचा स्वर विरण्यापूर्वी पुढचे पंचवीस स्वर त्यावर येऊन पडतात आणि ऐकणाऱ्याला केवळ धूसर गुणगुण ऐकू येते. ड्रम वेगात असताना वाद्यवृंद अर्ध्या किंवा पाव लयीत चालवला तर वेग आणि भव्यता दोन्ही टिकतात. जलद ताना हव्याच असतील तर त्या थोड्याच वाद्यांना द्याव्यात आणि त्यांचे मुद्रण जवळच्या मायक्रोफोनने, कोरडे करावे.

सॅम्पल लायब्ररी (खऱ्या वाद्यांच्या मुद्रित स्वरांचा संगणकातील संग्रह) वापरणाऱ्यांना आणखी एक अडचण येते: सर्व स्वर ग्रिडवर अचूक ठेवलेले असूनही तारवाद्ये ड्रमच्या मागे पडल्यासारखी वाटतात. सॅम्पलमधील स्वराला उमलायला वेळ लागतो, जोडस्वरांच्या लेगाटोमध्ये तर अधिकच. त्या ट्रॅकला ऋण विलंब द्यावा, म्हणजे तो थोडा आधी सुरू होईल, आणि किती आधी ते प्रत्येक लायब्ररीसाठी कानाने ठरवावे.

सॅम्पलच्या ढिगाऱ्यात अडकणे

फिनलंडच्या ‘विंटरसन’चा इतिहास या चुकीचा सर्वांत मोठा धडा आहे. बॅण्डचा पहिला अल्बम २००४ मध्ये आला. ‘टाइम’ या पुढच्या कामाला २००६ मध्ये सुरुवात झाली, त्याचा पहिला भाग ऑक्टोबर २०१२ मध्ये आणि दुसरा भाग ऑगस्ट २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. संगीतकार यारी मॅएनपॅ यांनी उभ्या केलेल्या वाद्यवृंदाचे असंख्य ट्रॅक त्या काळच्या संगणकाला पेलवत नव्हते, हे विलंबाचे एक प्रमुख कारण त्यांनी स्वतःच वारंवार सांगितले आहे. संगीत अतिशय सुंदर आहे आणि त्यामागची तळमळ खरी आहे, म्हणूनच त्या वर्षांची हळहळ वाटते.

आजचे संगणक कितीतरी बलवान आहेत, पण लायब्रऱ्याही तितक्याच जड झाल्या आहेत. एका विभागाची रचना पक्की झाली की ती ऑडिओमध्ये उतरवून मूळ सॅम्पल बंद करावेत. तंतुवाद्ये, पितळी सुषिरवाद्ये, लाकडी सुषिरवाद्ये, तालवाद्ये आणि कॉयर असे पाच गट करून प्रत्येकाचा एकच स्टीरिओ ट्रॅक मिक्सिंगला पाठवावा. निर्णय पुढे ढकलण्याची सोय जितकी जास्त, तितका अल्बम लांबतो.

पैसा कमी असेल तर पूर्ण वाद्यवृंदाचे स्वप्न बाजूला ठेवून सॅम्पलच्या थरावर एक खरे व्हायोलिन आणि एक खरा चेलो वाजवून घ्यावा. कान त्या एका खऱ्या धनुकलीचा श्वास पकडतो आणि बाकीचा थरही त्याला खरा वाटू लागतो. आपल्याकडे हे अवघड नाही. मुंबईत २००६ पासून एनसीपीएमध्ये ‘सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ आहे, पाश्चात्त्य नोटेशन वाचणारे वादक आणि चार सुरांत गाणारे कॉयर गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि हिंदी चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद ज्यांनी कागदावर उभे केले त्या सेबॅस्टियन डिसूझा आणि अँथनी गोन्साल्विस यांचा वारसाही त्याच मातीतला आहे. मुंबईच्याच ‘डेमॉनिक रेझरेक्शन’ने २०१७ मध्ये ‘दशावतार’ काढून हेही दाखवून दिले की आपले विषय या शैलीला परके नाहीत.

खऱ्या वाद्यवृंदासमोर अपुऱ्या तयारीने जाणे

‘डिम्मू बोर्गिर’ने २००३ च्या ‘डेथ कल्ट आर्मगेडॉन’साठी प्रागचा वाद्यवृंद घेतला, ग्रीसच्या ‘सेप्टिकफ्लेश’नेही प्रागचीच वाट धरली. तिथल्या वादकांना चित्रपटांच्या मुद्रणाची सवय आहे. समोर ठेवलेले पान ते पहिल्याच वाचनात वाजवतात. मात्र अशा मुद्रणात पैसे तासांचे मोजावे लागतात आणि पानावर जे लिहिले आहे तेच वाजते. संगणकातील मिडी फाइल (स्वरांच्या सूचनांची फाइल) तशीच नोटेशनमध्ये उतरवून छापणे ही इथली सर्वांत महागडी चूक आहे. फ्रेंच हॉर्नचे पान एफ स्वरासाठी बदललेले हवे. डबल बासचा भाग गिटारप्रमाणेच प्रत्यक्ष आवाजापेक्षा एक सप्तक वर लिहावा लागतो. व्हायोलिन मध्य सी-खालच्या जी-पेक्षा खाली जाऊच शकत नाही, सॅम्पलमध्ये मात्र कधीकधी जाते. बार क्रमांक, आवाजाच्या खुणा, धनुकलीची दिशा आणि पितळी वाद्यांना श्वासाची जागा, यांतील जे पानावर नसेल ते समजावून सांगण्यात सत्राचा वेळ जातो.

गाण्याची पट्टी हा मुद्दा बॅण्डच्या लक्षातच येत नाही. गिटारी अर्धा स्वर उतरवून रिफ बांधला की गाणे ई फ्लॅट मायनरमध्ये जाते, म्हणजे सहा कोमल खुणा, आणि तंतुवाद्यांना मोकळ्या तारांचा आधार जवळपास राहत नाही. सुराची अचूकता आणि वाद्यांची गुंज दोन्ही कमी होतात. तेच गाणे ड्रॉप डी ट्यूनिंगमध्ये (फक्त सर्वांत खालची तार डी-ला उतरवून) डी मायनरमध्ये बांधले तर एकच कोमल खूण लागते आणि डी व ए या मोकळ्या तारा साथ देतात. गिटारवादकाला हा फरक अर्ध्या स्वराचा वाटतो, पण चाळीस तंतुवादकांच्या एकत्रित आवाजात तो फार मोठा असतो.

यानंतरची अडचण मी स्वतः अनुभवलेली आहे. एका बॅण्डच्या अल्बमसाठी नोटेशन तपासण्याचे काम माझ्याकडे होते. परदेशातून मुद्रित होऊन आलेला वाद्यवृंद एकटा ऐकला तर अप्रतिम होता, गिटारीही सुरात होत्या, आणि दोन्ही एकत्र वाजवले की पोटात ढवळल्यासारखे व्हायचे. दोन दिवसांनी कारण सापडले. बॅण्डने ए स्वर ४४० हर्ट्झला लावला होता आणि वाद्यवृंदाने ४४२ ला. युरोपात ४४२ किंवा ४४३ ही नित्याची गोष्ट आहे. हा फरक सुमारे आठ सेंटचा, म्हणजे अर्ध्या स्वराच्या बाराव्या भागापेक्षाही कमी असतो, पण लांब धरलेल्या स्वरात सेकंदाला दोन हिंदोळे स्पष्ट जाणवतात. आम्ही गिटार आणि बास ४४२ ला लावून पुन्हा वाजवून घेतले, कीबोर्डचे ट्यूनिंग बदलले आणि प्रश्न सुटला. वाद्यवृंदाचा सूर संगणकाने खाली ओढता येतो, पण त्यात तारांचा पोत बिघडतो. गिटार पुन्हा लावणे केव्हाही चांगले. मुद्रणाच्या आधी एक प्रश्न विचारला असता तर हे काम वाचले असते.

आलेला वाद्यवृंद साधारण दीड अर्धस्वर खाली आणि नऊ टक्के लांब वाजत असेल तर कारण वेगळे आहे: फाइलचा सॅम्पल रेट (सेकंदाला घेतलेले ध्वनीचे नमुने) ४८ किलोहर्ट्झ आहे आणि तुमचा प्रकल्प ती ४४.१ समजून वाजवतो आहे. सॅम्पल रेट नीट रूपांतरित केला की सूर आणि लांबी दोन्ही जागेवर येतात. वाद्यवृंदाला पाठवायच्या सर्व फाइल पहिल्या बारपासून सुरू होणाऱ्या असाव्यात, सोबत टेम्पोचा नकाशा आणि दोन बारची मोजणी असावी, आणि शांत शेवटांत क्लिकचा (ताल धरण्यासाठी वादकांना ऐकवलेल्या ठोक्याचा) आवाज उतरवलेला असावा, नाहीतर हेडफोनमधून गळणारी टकटक मायक्रोफोन पकडतात.

तयार झालेला स्कोअर (सर्व वाद्यांचे एकत्र नोटेशन) तीन ठिकाणी जपून ठेवावा. ‘डीप पर्पल’च्या जॉन लॉर्ड यांनी १९६९ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये सादर केलेल्या कॉन्चेर्तोचा स्कोअर पुढे हरवला, आणि १९९९ च्या पुनःसादरीकरणासाठी तो मुद्रण ऐकून नव्याने लिहावा लागला.

शब्द सर्वांत उंच स्वरावर ठेवणे

सोप्रानोच्या (स्त्रियांच्या सर्वांत उंच पट्टीच्या) आवाजात वरच्या सप्तकाच्या टोकाला स्वराक्षरांमधला भेद मिटत जातो. ‘ई’ आणि ‘आ’ जवळपास सारखे ऐकू येतात. गायिकेचा उच्चार वाईट आहे असे मानून पुन्हापुन्हा टेक घेण्यात अर्थ नाही. आशयाचे शब्द मधल्या पट्टीत ठेवावेत आणि टोकाच्या स्वरांवर एखादे मोकळे अक्षर द्यावे. परदेशी कॉयरकडून संस्कृत किंवा मराठी गाऊन घ्यायचे असेल तर उच्चारांचे मुद्रण आधी पाठवावे, कारण ‘ध’ आणि ‘द’ यांतला फरक कागदावरून कळत नाही.

मास्टरिंग आणि प्रकाशन

मास्टरिंगमध्ये, म्हणजे तयार मिक्सवरच्या शेवटच्या संस्कारात, आवाज दाबून सपाट करण्याचा मोह इथे विशेष घातक आहे, कारण या शैलीचा सारा परिणाम शांत आणि प्रचंड यांच्यातील अंतरावर उभा असतो. स्पॉटिफाय सर्वसाधारणपणे ध्वनी उणे १४ लफ्सच्या (आवाजाची पातळी मोजण्याच्या एककाच्या) आसपास आणून वाजवते, त्यामुळे जास्त दाबलेला अल्बम तिथे मोठा ऐकू येत नाही, फक्त निर्जीव ऐकू येतो.

विनाइल काढणार असाल तर त्यासाठी स्वतंत्र मास्टर करावा. बारा इंची तबकडीच्या एका बाजूला चांगल्या दर्जाची जागा सुमारे वीस-बावीस मिनिटांची असते. ‘नाइटविश’च्या २००७ च्या ‘डार्क पॅशन प्ले’सारखा पंचाहत्तर मिनिटांचा अल्बम दोन तबकड्यांवरच नीट मावतो. बाजूच्या शेवटी, आतल्या खोबणीत, तीक्ष्ण आवाज फाटतात. आणि बहुतेक बॅण्ड आपले सर्वांत लांब, सर्वांत भव्य गाणे नेमके शेवटीच ठेवतात. विनाइलचा क्रम वेगळा लावायला संकोच करू नये.

हक्कांची कागदपत्रे प्रकाशनाच्या आठवड्यात शोधू नयेत. भारतात संगीतरचनेचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे, तर युरोपीय संघात ७० वर्षे टिकतो. फिनलंडचे संगीतकार सिबेलियस १९५७ मध्ये वारले, म्हणून त्यांची धून भारतात मुक्त असली तरी फिनलंडमध्ये २०२७ संपेपर्यंत नाही. १९८२ मध्ये वारलेल्या जर्मन संगीतकार कार्ल ओर्फ यांची तर दोन्हीकडे नाही. वाद्यवृंद आणि कॉयर यांच्याकडून अल्बमसोबत व्हिडिओ आणि मैफलीतील वापराचीही लेखी परवानगी एकदाच घ्यावी.

प्रकाशन २०१५ पासून जगभर शुक्रवारी होते. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणे किमान सात दिवस आधी पोहोचायला हवे, आणि व्यवहारात महिनाभर आधी पाठवलेले बरे. विनाइलची तारीख मात्र चाचणी तबकडी ऐकून मंजूर केल्याशिवाय जाहीर करू नये.

मिक्सिंगची शेवटची फाइल निघाली त्याच दिवशी मैफलीसाठीचे ट्रॅकही काढून घ्यावेत: एका वाहिनीवर ड्रमवादकाचा क्लिक, उरलेल्यांवर तंतुवाद्ये, पितळी वाद्ये आणि कॉयर वेगवेगळे. वर्षभराने पहिली मैफल ठरते तेव्हा प्लगइन बदललेले असतात, प्रकल्प पूर्वीसारखा उघडत नाही आणि अल्बममधला कॉयर मंचावर आणण्यासाठी सगळे काम पुन्हा करावे लागते.