नदीचं आत्मकथन लिहिताना

दहावीच्या मराठीच्या पेपरात प्रसंगलेखन, आत्मकथन आणि वैचारिक लेखन यांतलं एक निवडायचं असतं. सांगलीतल्या माझ्या वर्गातली बरीच मुलं आत्मकथनाकडे वळतात. त्यातही नदी, झाड, फाटकं पुस्तक हे ठरलेले विषय. विषय जुना आहे म्हणून घाबरू नका, मला तर तो दरवर्षी आवडतो.

नदी बोलणार असेल तर आधी तिला नाव द्या. आमची कृष्णा. मग तिचा रस्ता आठवा: महाबळेश्वरला उगम, वाईचे घाट, माहुलीला वेण्णा, कराडला समोरून येऊन मिळणारी कोयना, पुढे नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. एवढं लिहिलंत की ‘मी डोंगरातून खळखळत वाहते’ या वाक्याची गरजच उरत नाही.

नंतर प्रसंग निवडा, एकच. २०१९चा महापूर घ्या. ज्यांच्या घाटावर रोज दिवे लागायचे त्यांच्याच उंबऱ्याच्या आत पाणी शिरलं, तेव्हा नदीला काय वाटलं असेल? इथे घाई करू नका, अर्धा निबंध इथे खर्ची पडला तरी चालेल. प्रदूषणावर भाषण नको; ‘मेलेले मासे माझ्या काठाला लागतात’ एवढं पुरे. लिहून झालं की वाचून बघा, कारण ‘मी वाहते’ म्हणता म्हणता मध्येच ‘नदी वाहते’ होतं.

वैचारिक विषय, उदाहरणार्थ ‘मोबाइल: शाप की वरदान’, निवडलात तर एक बाजू ठामपणे घ्या आणि दाखला स्वतःच्या घरातला द्या.