घरच्या इलेक्ट्रिक स्केटबोर्डसाठी मोटर, बॅटरी, ईएससी: एकमेकांना जुळणारं सामान कसं निवडायचं

सायकलची चेन तुटली तरी ब्रेक लागतो. इलेक्ट्रिक स्केटबोर्डचं तसं नाही. पळवणारी मोटर तीच, थांबवणारी मोटरही तीच. तिला हुकूम देणारा ईएससी (मोटरचा वेग आणि ब्रेक सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर) किंवा ब्रेकची वीज परत पोटात घेणारी बॅटरी यांतलं एक जरी मध्येच बंद पडलं, तरी पायाखाली उरते ती चाकं लावलेली फळी. त्यामुळे "हा पार्ट त्या पार्टला चालेल का" असं विचारताना मनात "ब्रेक लागेल का" हेच असू द्या.

चूक बहुधा पहिल्याच खरेदीत होते. मोटर स्वस्त दिसली म्हणून घेतली जाते आणि मग तिच्याभोवती बाकीचं जमवत बसावं लागतं. क्रम असा ठेवा: आधी चालवणाऱ्याचं वजन आणि हवा तो वेग, मग चाक आणि पुली, मग मोटरची केव्ही आणि बॅटरीचं व्होल्टेज, त्यानंतर ईएससी. समांतर सेल किती लावायचे ते त्यापुढे, आणि बीएमएस (सेलवर नजर ठेवून गरज पडली तर पॅक तोडणारा बोर्ड), चार्जर, रिमोट सगळ्यात शेवटी.

वेगाचं गणित

केव्ही म्हणजे इथे किलोव्होल्ट नव्हे. एका व्होल्टला बिनवजनाची मोटर मिनिटाला किती फेरे मारते, तो आकडा. १७० केव्हीच्या मोटरला ३६ व्होल्ट दिले की ६,१२० फेरे. मोटरवर १५ दातांची आणि चाकावर ४० दातांची पुली असेल तर चाकाचे फेरे साधारण २,२९५. ९० मिमी चाकाचा घेर २८.३ सेंमी. म्हणजे ताशी जवळजवळ ३९ किमी, तेही चाक हवेत असताना. माणूस उभा राहिला की यातलं ८० ते ८५ टक्के हाती लागतं, म्हणजे ३१ ते ३३. नवशिक्याला एवढा वेग पुरून उरतो. उलट १९० केव्ही, १२ सेलची बॅटरी आणि १५:३६ पुली घेतली तर कागदावर ५८ येतात. एवढा वेग कुठे आणि कशाला लागणार?

सोलापूर तसं सपाट. जुळे सोलापूर किंवा विजापूर रोडकडच्या कॉलन्यांत दमवणारा चढ क्वचितच लागतो. त्रास देते ती बारीक खडी, उखडलेलं डांबर आणि गतिरोधक. म्हणून ८३ ऐवजी ९० मिमीचं मऊ चाक बरं. पण ४० दातांच्या ५एम (दातांमधलं अंतर ५ मिमी) पुलीचा व्यास जवळपास ६४ मिमी असतो. ९० मिमीच्या चाकात पुलीची कड आणि रस्ता यांच्यात जेमतेम १३ मिमी उरतात. त्याहून मोठी पुली लावली तर पहिला दगड बेल्ट खाणार.

मोटर ६३७४ मापाची घ्या, म्हणजे ६३ मिमी व्यास आणि ७४ मिमी लांबी. सपाट रस्त्यावर ६५-७० किलोच्या माणसाला पळायला एक पुरते, पण एकाच चाकावर ब्रेक लागला की ते चाक घसरतं. खिसा परवानगी देत असेल तर दोन घ्या. हॉल सेन्सरवालीच हवी; मोटर कुठल्या कोनात आहे ते हा सेन्सर ईएससीला कळवतो. बिनसेन्सरची मोटर उभ्यावरून निघताना झटके देते आणि नवीन माणसाला पाडते.

व्होल्टेज: लेबलवर जाऊ नका

दुकानात "३६ व्होल्ट" म्हणून मिळणाऱ्या तीन वस्तू असतात आणि तिन्ही वेगळ्या. लिथियम-आयनचे १० सेल ओळीने जोडले तर फुल चार्जला ४२ व्होल्ट. लिथियम-फॉस्फेटचे १२ सेल जोडले तर ४३.८. लेड-ॲसिडच्या तीन बॅटऱ्यांचा चार्जर ४३-४४ पर्यंत चढतो. आता ई-रिक्षा दुरुस्तीच्या दुकानातून आणलेला "३६ व्होल्ट" चार्जर १० सेलच्या लिथियम-आयन पॅकला लावला तर काय होईल? सेलची मर्यादा ४.२ व्होल्ट, तिथे वाट्याला येतात ४.३ ते ४.४. बीएमएसने तोडलं तर नशीब. नाहीतर सेल फुगतो, पेटतोही. चार्जर घेताना मल्टिमीटर सोबत न्या आणि बिनलोड आउटपुट मोजा. १० सेलला ४२.०, १२ सेलला ५०.४. याहून जास्त दाखवलं तर तो चार्जर तिथेच ठेवा.

हीच गोष्ट "४८ व्होल्ट" ई-बाइक पॅकची. त्यात बहुधा १३ सेल असतात, फुल चार्जला ५४.६ व्होल्ट. स्केटबोर्डचे बरेच ईएससी १२ सेलपर्यंतचे असतात आणि आतल्या पार्टची मर्यादा ६० च्या आसपास. जोरात ब्रेक लावला की लाइनवर क्षणभर उसळी येते, आणि ५४.६ वर ती सोसायला जागाच उरत नाही.

पहिल्या बोर्डाला १० सेलच ओळीने जोडा. याला बोली भाषेत १०एस म्हणतात.

ईएससी

विमानाचे किंवा ड्रोनचे ईएससी स्वस्त मिळतात, पण त्यांना हळूहळू चढणारा ब्रेक माहीत नसतो. ई-बाइकचा कंट्रोलर यांत्रिक ब्रेक आहेच असं धरून बनवलेला असतो. इथे हवा व्हेस्क जातीचा ईएससी. बेंजामिन वेडर या स्वीडिश इंजिनिअरने केलेली ही मुक्त रचना आहे, आणि त्याच आराखड्यावर बऱ्याच कंपन्या बोर्ड बनवतात.

जुन्या ४.१२ आवृत्तीचा बोर्ड स्वस्त पडतो. तो घेणार असाल तर एक हिशोब करा: केव्ही गुणिले फुल व्होल्टेज गुणिले चुंबकांच्या जोड्या. ६३७४ मोटरमध्ये सहसा १४ चुंबक, म्हणजे ७ जोड्या. या बोर्डाची मर्यादा ६०,००० धरतात. १७० × ४२ × ७ म्हणजे ४९,९८०, चालेल. १९० × ५०.४ × ७ म्हणजे ६७,०३२. भर वेगात ड्रायव्हर चिप जळायची आणि चाक जाम व्हायची वेळ येऊ शकते. १२एस करायचं असेल तर सहाव्या आवृत्तीचा बोर्ड घ्या.

सोलापूरच्या उन्हाळ्याचाही विचार इथेच करायचा. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर, खाली तापलेलं डांबर, आणि ईएससी प्लास्टिकच्या बंद डब्यात. व्हेस्क मूळ सेटिंगवर ८५ अंशांपासून करंट कमी करू लागतो आणि १०० ला पूर्ण बंद करतो. ईएससी ३ मिमी ॲल्युमिनियमच्या पट्टीवर थर्मल पेस्ट लावून बसवा, आणि पट्टीची एक बाजू डब्याबाहेर वाऱ्याला येऊ द्या. डब्याला भोकं पाडू नका. इथली धूळ आणि जूनचा पहिला पाऊस दोन्ही आत जातील.

सेल: किती समांतर?

लेबलवर ९,८०० एमएएच लिहिलेला १८६५० सेल खोटा. या मापाचे चांगले सेल ३,५०० च्या आसपास थांबतात. सराफाच्या काट्यावर वजन करा: खरा सेल ४५ ते ४९ ग्रॅम भरतो, खोटे बरेच हलके निघतात.

पण नुसती क्षमता बघून भागत नाही. सॅमसंग ३५ई हा ३,५०० एमएएचचा, पण ८ अँपियरचाच. ३०क्यू ३,००० चा, पण १५ अँपियर देतो. तीन समांतर लावले की पहिल्यातून २४, दुसऱ्यातून ४५ अँपियर. दोन मोटरींच्या बोर्डाला ४० तरी हवेत, म्हणून ३०क्यू, १०एस३पी (१० ओळीने, ३ समांतर): एकूण ३० सेल, ९ एएच, ३२४ वॅट-अवर. किलोमीटरला ११-१२ वॅट-अवर धरा आणि बॅटरीचा ८० टक्केच वापर करा. २२ किमीच्या आसपास जाल. जुन्या लॅपटॉपचे सेल इथे नकोत. त्यांतून एवढा करंट निघत नाही आणि प्रत्येकाचं म्हातारपण वेगळं.

सेल जोडायला स्पॉट वेल्डिंगच करून घ्या. सेलवर थेट सोल्डर लावलं तर आत उष्णता जाते. पट्टी शुद्ध निकेलची हवी. बाजारात निकेलचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टी सर्रास त्याच नावाने मिळते. तुकड्यावर पॉलिश पेपर घासा आणि रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवा. सकाळी तांबूस गंज दिसला तर लोखंड. ०.१५ × ८ मिमीची एक पट्टी ५-७ अँपियरलाच बरी, आणि इथे प्रत्येक सेलमागे १५ पर्यंत जातात. दोन-तीन थर द्या.

बीएमएस, आणि ब्रेक जातो कुठे

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. ई-बाइकप्रमाणे सगळा करंट बीएमएसमधून नेला तर जादा लोड आला की तो पॅक तोडतो. त्याच क्षणी ईएससी मरतो आणि ब्रेकही जातो. बॅटरी ठासून भरलेली असताना उतारावर ब्रेक लावला तरी तेच: परत येणाऱ्या विजेला जागा नाही, व्होल्टेज वर जातं, बीएमएस तोडतो.

म्हणून बीएमएस फक्त चार्जिंगला ठेवा. पॅकची ऋण तार बीएमएसच्या 'बी-' ला, चार्जरची ऋण तार 'सी-' ला (समाईक पोर्टचा बीएमएस असेल तर 'पी-' ला). ईएससीची ऋण तार मात्र थेट पॅकला. याची किंमत म्हणून दोन गोष्टी सक्तीच्या: मुख्य धन तारेवर ६० अँपियरचा फ्यूज आणि ईएससीत बॅटरी कटऑफ, म्हणजे ३४ व्होल्टला करंट कमी करायला सुरुवात, ३१ ला पूर्ण बंद. कारचे साधे पात्याचे फ्यूज ३२ व्होल्टचे असतात. ४२ व्होल्टवर फ्यूज उडाला तरी आत ठिणगी चालू राहू शकते. ५८ व्होल्ट डीसी लिहिलेला घ्या.

१०एसच्या बीएमएसला ११ बारीक तारा असतात. कनेक्टर बीएमएसमध्ये न खोचता सगळ्या पॅकला जोडा. मग मल्टिमीटरची काळी पिन पहिल्या पिनवर ठेवून लाल पिन एकेक पुढे सरकवा: ३.७, ७.४, ११.१, १४.८... शेवटी ३७. कुठे आकडा तोच राहिला, मागे गेला किंवा दुप्पट उडी मारली तर तार चुकली आहे. हे दोन मिनिटांचं काम टाळून थेट खोचलं की बीएमएस धूर सोडतो. बीएमएसवर ४.२ व्होल्ट लिहिलेलं आहे ना, तेही बघा, ३.६५ वाला लिथियम-फॉस्फेटचा.

चार्जर ४२ व्होल्ट, ४ अँपियर; अडीच-तीन तास लागतात. सेल ४५ अंशांवर गरम असताना चार्ज करायचे नाहीत, आणि पत्र्याच्या खोलीत मे महिन्यातल्या दुपारी तेवढं तापमान सहज होतं. फिरून आल्यावर तासभर थांबा, रात्री मोकळ्या फरशीवर चार्ज करा. धूळ बसू नये म्हणून वरून चादर घालायची सवय इथे मोडा. सोलापुरी चादर जाड असते, उष्णता कोंडते.

तारा, कनेक्टर, रिमोट

बॅटरीची मुख्य तार ४ स्क्वेअर एमएमची सिलिकॉनवाली. घरच्या वायरिंगची कडक तार कंपनाने सोल्डरपाशी तुटते. मुख्य कनेक्टर एक्सटी-९० एस; त्यातला रेझिस्टर जोडताना ठिणगी उडू देत नाही. मोटरच्या बुलेट पिना ४ मिमी आणि ईएससीच्या ५.५ असं अनेकदा निघतं. ऑर्डर देण्याआधी दोन्ही मापं वाचा. हॉल सेन्सरचा सहा पिनांचा कनेक्टर सारखा दिसला तरी तारांचा क्रम वेगळा असू शकतो. ५ व्होल्ट आणि ग्राउंड उलटे गेले तर सेन्सर गेला.

मोटर उलटी फिरली तर? यंत्रमागाच्या थ्री-फेज मोटरला करतात तेच: तीनपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल. फक्त इथे त्यानंतर व्हेस्क टूलमध्ये (ईएससीच्या सेटिंगचं सॉफ्टवेअर) मोटर डिटेक्शन पुन्हा चालवावं लागतं.

रिमोट २.४ गिगाहर्ट्झचा, पीपीएम किंवा यूआर्ट (ईएससीशी बोलायच्या दोन पद्धती) रिसीव्हरवाला. दोन वेगळे ईएससी असतील तर कॅन तारेने (दोघांत संदेश नेणारी तार) जोडा, पण त्यातली ५ व्होल्टची तार जोडू नका, आणि दोन्ही एकाच स्विचवर ठेवा. एक चालू आणि एक बंद असताना चाक फिरलं की कॅनची चिप जाते.

सेटिंगमध्ये एक सापळा आहे. बॅटरी करंटचा आकडा प्रत्येक ईएससीचा वेगळा असतो. पॅक ४५ अँपियरचा, म्हणून दोन्हीकडे ४५ लिहिलं तर मागणी ९० ची. प्रत्येकी २० लिहा. ब्रेकची परत येणारी वीज प्रत्येकी उणे ६, कारण ३०क्यू सेल ४ अँपियरपर्यंतच चार्ज घेतो. मोटर करंट ही वेगळी गोष्ट आहे. ती प्रत्येकी ४० ठेवली तरी बॅटरीवर तेवढा भार येत नाही.

बोर्ड विटांवर उलटा ठेवून चाकं फिरवा आणि फिरत असतानाच रिमोट बंद करा. चाकं सुटून आपोआप मंदावायला हवीत. वेग तसाच धरून ठेवला तर रिसीव्हरचं फेलसेफ पुन्हा लावा, तोवर बोर्डावर पाय नाही. मग सोसायटीच्या रिकाम्या रस्त्यावर किंवा मैदानात, हेल्मेट घालून, चालण्याच्या वेगाने दहा-बारा वेळा ब्रेक लावा. २५० वॅट आणि ताशी २५ किमीच्या आतल्या वाहनाला नोंदणीतून मिळणारी सरकारी सवलत दुचाकीची आहे; तिच्या भरवशावर होटगी रोडच्या वाहतुकीत उतरू नका. दोन किलोमीटर झाले की डबा उघडून प्रत्येक बुलेट पिनला बोट लावा. एखादी बाकीच्यांपेक्षा गरम लागली तर तिचं सोल्डर कच्चं आहे.