व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला न्यूमोनिया: बेडजवळच्या या चुका टाळा

व्हेंटिलेटर लावून 48 तास उलटल्यावर होणाऱ्या न्यूमोनियाचं खापर बहुतेक वेळा मशीनवर फुटतं. खरं तर जंतू येतात ते रुग्णाच्याच तोंडातून. लाळ आणि घशातला स्राव श्वासनलिकेत टाकलेल्या नळीच्या कफवर, म्हणजे नळीभोवतीच्या हवेच्या फुग्यावर, साचतो आणि कडेकडेने थेंब थेंब फुफ्फुसात झिरपतो.

म्हणून पहिली चूक कफचीच: पायलट बलून (कफला जोडलेला बाहेरचा छोटा फुगा) बोटांत दाबून 'ठीक आहे' म्हणणं. बोटाला दाबातला फरक कळत नाही. मॅनोमीटरवर (दाब मोजायच्या यंत्रावर) कफचा दाब 20 ते 30 सेंमी पाणी हवा. 20 च्या खाली गेला की गळती, 30 च्या वर गेला की श्वासनलिकेच्या अस्तराचा रक्तपुरवठा दबतो. प्रत्येक ड्युटीत मोजा, कूस बदलल्यावर पुन्हा मोजा. मॅनोमीटर जोडताना थोडी हवा त्याच्या नळीत जाते आणि दाब उतरतो, त्यामुळे नुसता आकडा लिहून मोकळं होऊ नका. 25 च्या आसपास आणूनच काढा. गडचिरोली-चंद्रपूरहून नळी टाकून नागपुरात आणलेल्या रुग्णाचा कफ बेडवर घेताक्षणी तपासा. सिरिंजने अंदाजे भरलेला कफ फार घट्ट असू शकतो.

डोक्याकडची बाजू 30 ते 45 अंश, हे सगळ्यांना पाठ असतं. पण रुग्ण खाली घसरतो, पोटात दुमडतो आणि कोन कागदावरच राहतो. आधी गुडघ्यांखालची बाजू थोडी उचला, मग डोकं. मणक्याला इजा असेल तर कंबरेत न वाकवता अख्खी खाट तिरकी करा. स्पंजिंग, चादर, सीटी स्कॅन यांसाठी आडवं करायचं असेल तर आधी फीड (नळीतून पोटात जाणारं अन्न) थांबवा आणि तोंड व कफच्या वरचा स्राव ओढून घ्या. हा क्रम चुकला की साचलेलं सगळं एका दमात खाली जातं.

सक्शनआधी, म्हणजे नळीतला स्राव ओढून काढण्याआधी, नळीत सलाईन टाकायची सवय मोडा. 8 नंबरच्या नळीला 12 फ्रेंचचा (फ्रेंच हे जाडीचं माप) सक्शन कॅथेटर पुरतो. एक खेप 15 सेकंदांच्या आत.

मे महिन्यात बाहेर 45 अंश आणि आयसीयूत एसी जोरात, तेव्हा ह्युमिडिफायरच्या (हवा ओलसर करणाऱ्या यंत्राच्या) सर्किटमध्ये, म्हणजे व्हेंटिलेटर आणि रुग्ण जोडणाऱ्या नळ्यांमध्ये, पाणी जास्त साचतं. ते रुग्णाकडे किंवा ह्युमिडिफायरकडे ढकलू नका. नळी रुग्णापेक्षा खाली धरून वॉटर ट्रॅपमध्ये (पाणी गोळा करायच्या डबीत) उतरवा, रिकामं करा, हात स्वच्छ करा. सर्किट ठरावीक दिवसांनी बदलायची गरज नाही. डोळ्यांना घाण दिसली किंवा बिघाड झाला तरच बदला. विनाकारण उघडझाप केली की धोका वाढतोच.

तोंडाला क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक फासणं म्हणजे ओरल केअर, हा समज आता जुना झाला. 2022 च्या अमेरिकी शिफारशींत ब्रशने दात घासण्यावर भर आहे आणि क्लोरहेक्सिडीन टाळायला सांगितलंय. दात, हिरड्या, जीभ मऊ ब्रशने घासा, सोबत सक्शन चालू ठेवा.

आणि झोपेचं औषध चालू आहे म्हणून चालूच, असं नको. सकाळच्या राउंडला ते कमी करून श्वासाची चाचणी (रुग्णाला स्वतःहून श्वास जमतो का हे पाहणं) घ्यायची का, हे डॉक्टरांना रोज विचारा.